मोठ्या माणसांच्या ऑनलाइन अभ्यासाच्या ग्रुपमध्ये जीव कसा येतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की प्रौढांसाठी अभ्यासाचा ग्रुप काढला, साठ जण आले, पहिले पंधरा दिवस गुड मॉर्निंग आणि धन्यवाद झालं आणि आता तुम्ही एकटेच पीडीएफ टाकताय, कोणी बोलत नाही, तर अशा ग्रुपचा समुदाय होतो कसा. मी गुहागर तालुक्यात राहते आणि गेली काही वर्षं बाहेरून दहावीला बसणाऱ्या, म्हणजे सतरा नंबर फॉर्म भरणाऱ्या बायकांचा व्हॉट्सॅप ग्रुप सांभाळते, त्यामुळे जे बघितलंय ते सांगते.

माझ्या मते सगळं लाजेवर अडतं. रेंजवर नाही (आमच्याकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर गेलं तर रेंज, घरात खिडकीला मोबाइल टेकवून ठेवायचा, पण बायका त्यातून वाट काढतात) आणि अभ्यास कठीण आहे म्हणून पण नाही. सातवीनंतर शाळा सुटलेली चाळिशीची बाई, घरात पोरगी बारावीला, आणि तिने चारचौघांत लिहायचं की मला अपूर्णांकांची बेरीज येत नाही. नाही लिहिणार ती. वाचेल आणि गप्प बसेल. ज्या दिवशी कोणीतरी हे लिहितं आणि तुमच्याऐवजी दुसरी शिकणारीच तिला उत्तर देते ना, त्या दिवसापासून ग्रुपला जीव येतो, त्याच्या आधी तो नुसता पीडीएफचा ढीग असतो.

पहिल्या वर्षी मी मोठी चूक केली. सराव परीक्षेचे मार्क नावासकट यादी करून ग्रुपवर टाकले, शाळेत फळ्यावर लावतात तसे, मला वाटलं चुरस लागेल. त्याच रात्री तिघी बाहेर पडल्या. त्यातल्या एकीच्या घरी मोबाइल एकच, तो दिराकडे असतो, म्हणजे तिचे नऊ मार्क तिच्या आधी घरातल्यांनी बघितले. तिची मी घरी जाऊन माफी मागितली पण ती परत आली नाही, अजून मनाला लागून आहे ते. तेव्हापासून मार्क ज्याचे त्याला, आणि ग्रुपवर फक्त एवढंच की या गणितात बऱ्याच जणींचं अमुक ठिकाणी चुकलंय, कोणाला जमलं असेल तर सांगा.

आणि मग गप्प बसायचं, हे सगळ्यात अवघड. उत्तर आपल्याला येत असतं, बोटं शिवशिवतात, तरी एक दिवस थांबायचं. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजनाचा धडा आहे, त्यात जीएसटी. दोनदा व्हिडिओ पाठवला, कोणाला काही कळलं नाही. शृंगारतळीच्या बाजूला एका वहिनीचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, ती तोपर्यंत ग्रुपवर एक अक्षर बोलली नव्हती. तिने गणपतीआधी विकलेल्या रंगाच्या डब्याच्या बिलाचा फोटो टाकला आणि खाली व्हॉइस मेसेज, "हे बघा हजाराचा डबा, 18 टक्के, म्हणजे 180, त्यातले 90 केंद्राला 90 राज्याला, मी रोज करते हे, ह्यात काय घाबरायचं." साधा पाऊण मिनिटाचा मेसेज, मागे भांड्यांचा आवाज. त्या दिवशी अकरा जणींनी गणित सोडवून वहीचे फोटो टाकले. त्यानंतर धंद्याचं काहीही अडलं की बायका मला नाही, तिला विचारायला लागल्या. मोठ्या माणसांचं हेच असतं, त्यांना पुस्तक येत नसेल पण व्यवहार आपल्यापेक्षा जास्त येतो, आणि तो बाहेर काढायला कोणीतरी जागा मोकळी ठेवावी लागते.

व्हॉइस मेसेजला नाही म्हणू नका हां. टायपिंग येत नाही म्हणून बायका मुक्या राहतात, बोलायला सांगा, धडाधड बोलतात.

"विषय सोडून बोलू नये" असा नियम तुम्ही लावलाय असं लिहिलंय, तो आधी काढून टाका. आमच्याकडे दहावीची परीक्षा आणि काजूचा सीझन एकदमच येतो. एकीने फेब्रुवारीत समीकरणाचा फोटो पाठवला, वही अंगठ्याने धरलेली आणि अंगठ्याची साल काजूच्या चिकाने गेलेली, काळी पडलेली. पहिलं उत्तर आलं ते, "अगो हाताला आधी खोबरेल नाय लावलंस काय?" आणि दुसरं, "तिसऱ्या ओळीत वजाचं चिन्ह राहिलंय बघ." मला दोन्ही उत्तरं सारखीच मोलाची वाटतात, कारण पहिलं आलं म्हणून दुसरं तिला टोचलं नाही. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत काम केलेल्या गिली सॅमन यांनी ऑनलाइन शिकण्याच्या पाच पायऱ्या मांडल्यात, त्यात आधी आत येणं, दुसरी पायरी ओळखपाळख, माहितीची देवाणघेवाण तिसरी आणि मिळून शिकणं चौथी. आपण बहुतेक जण पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो आणि मग म्हणतो लोक थंड आहेत.

मी स्वतः नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलंय, 1989 मध्ये सुरू झालेलं हे विद्यापीठ आमच्यासारख्या घर सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे. पुस्तकं चांगली होती, पण मी टिकले ती रविवारच्या संपर्क सत्राला एसटीने चिपळूणला जाताना बरोबर असणाऱ्या दोघींमुळे. ऑनलाइनमध्ये ती एसटीची सीट कुठेतरी द्यावी लागते. आमच्या ग्रुपात अर्ध्या जणी गावातल्या आणि अर्ध्या नालासोपारा, दिवा अशा ठिकाणी राहणाऱ्या, सगळ्या गणपतीला येतात, तर पहिल्या वर्षी गौरीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी एकीच्या पडवीत बारा जणी जमल्या. अभ्यास शून्य झाला. पण त्यानंतर ग्रुपवरची भाषाच बदलली, मला मॅडम म्हणायचं बंद होऊन ताई सुरू झालं, आणि कोण चार दिवस दिसली नाही तर दुसरी फोन करायला लागली. हे मी कोणाला करायला सांगितलं नव्हतं.

आता तुमची मुख्य तक्रार, की पन्नास जण नुसते वाचतात. त्यांना काढू नका, प्लीज. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर या दोन अभ्यासकांनी 1991 मध्ये शिकण्याबद्दल जे मांडलं त्यात लायबेरियातल्या शिंप्यांचं उदाहरण आहे. तिथे नवा शागीर्द पहिल्या दिवशी कापड कापत नाही, तो तयार कपड्याला इस्त्री करतो, बटणं लावतो, बघत राहतो, आणि कापायला सगळ्यात शेवटी शिकतो. कडेला बसणं हे पण शिकणंच. आमची हार्डवेअरवाली पाच महिने कडेलाच होती. फक्त कडेच्या माणसाला बटण लावण्याएवढं काम द्या, "आज कोणी पान 32 वाचलं, नुसता अंगठा दाखवा" इतकं सोपं.

आकड्याच्या मागे पण लागू नका. व्हॉट्सॅपवर आता 1024 जण घेता येतात आणि 2022 पासून बरेच ग्रुप एकत्र जोडणारी कम्युनिटी नावाची सोयच आहे, पण मी एका ग्रुपात तीसच्या वर जात नाही, त्यापुढे कोण कोणाची काकी ते लक्षात राहत नाही आणि लाज परत वाढते. ज्या पास होऊन गेल्या त्यांच्यातल्या दोघी-तिघी मात्र मुद्दाम ठेवते, नवीन आलेलीला माझ्यापेक्षा त्यांचा शब्द जास्त पटतो, कारण 35 मार्कांसाठी रडलेली बाई समोर असते.

अजून एक, तुम्ही लाइव्ह तास संध्याकाळी सात वाजता ठेवलाय. सातला चूल पेटलेली असते हो, मग जेवणं, भांडी, सासऱ्यांच्या गोळ्या. साडेनऊला ठेवून बघा, अर्धाच तास, आणि पहिली दहा मिनिटं त्यांना बोलू दे.