पॅकेट नेमकं अडलं कुठे? घरी नेटवर्किंग शिकणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये नेटवर्किंग स्वतःचं स्वतः शिकणाऱ्यांचे प्रश्न खूप आलेत, म्हणून सगळं सदर त्यांनाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न: ताई, नेटवर्किंगचे भरपूर व्हिडिओ बघून झाले, नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर, म्हणजे थर, झोपेत विचारले तरी सांगेन, पण घरचं नेट बंद पडलं की राउटर बंद-चालू करण्यापलीकडे काही सुचत नाही. माझ्याकडे एक लॅपटॉप आणि घरचा राउटर एवढंच आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर: एवढ्यावर सुरुवात होते, आणि चांगली होते. लॅपटॉपवर वायरशार्क टाका, नेटवर्कवरून येणारी-जाणारी पॅकेटं, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. अट एकच, कॅप्चर सुरू करायच्या आधी वहीत लिहायचं की आता कोणती पॅकेटं दिसतील आणि कुठल्या क्रमाने. हे लिहायचा कंटाळा येतो आणि बहुतेक जण इथेच सोडून देतात, पण खरं शिकणं तिथेच होतं, कारण अंदाज चुकला की आपल्या डोक्यातलं चित्र नेमकं कुठे चुकीचंय ते लगेच दिसतं, व्हिडिओ बघताना हे कधीच दिसत नाही, तिथे सगळं कळल्यासारखंच वाटतं.

पहिला प्रयोग डीएचसीपीचा करा, म्हणजे लॅपटॉपला आपोआप आयपी पत्ता मिळतो त्या पद्धतीचा. लॅपटॉपचा आयपी सोडून द्या आणि परत मागा, पुस्तकातल्या चारही पायऱ्या दिसतील, डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक. आता आयपी न सोडता नुसता रिन्यू करा. दोनच दिसतील, रिक्वेस्ट आणि ॲक. का, ते वाचायच्या आधी स्वतः शोधायचा प्रयत्न करा. कारण साधं आहे, पत्ता लॅपटॉपकडे आहेच, कुठल्या सर्व्हरने दिला तेही माहितीये, फक्त मुदत वाढवून हवीये, मग सगळ्यांना हाका मारायची गरज काय.

दुसरा प्रयोग माझ्या सगळ्यात आवडीचा. आर्प म्हणजे आयपीवरून मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) विचारायची पद्धत, तिचा कॅशे, म्हणजे साठवलेली उत्तरं, रिकामा करा आणि ८.८.८.८ या बाहेरच्या सर्व्हरला पिंग करा, म्हणजे उत्तर येतंय का बघा. लॅपटॉप आर्पने कोणाचा मॅक ॲड्रेस विचारेल? खूप जण लिहितात ८.८.८.८ चा. विचारतो मात्र गेटवेचा, म्हणजे बाहेर जायच्या दाराचा, इथे राउटरचा, आणि पॅकेट उघडून बघितलंत तर आयपी दूरच्या सर्व्हरचा पण मॅक आपल्याच राउटरचा असं दिसतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की लेयर २ (मॅक) आणि लेयर ३ (आयपी) वेगळे कशाला ठेवलेत हे परत कोणाला विचारावं लागत नाही.

आता याच्या पुढची पायरी. समजा राउटर १९२.१६८.१.१ आहे, लॅपटॉप १९२.१६८.१.१० आणि दुसरं एखादं मशीन १९२.१६८.१.२००, सगळ्यांचा मास्क (पत्त्यातला किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) /२४. लॅपटॉपचा मास्क हाताने /२५ करा आणि कॅशे परत रिकामा करून दुसऱ्या मशीनला पिंग मारा. लॅपटॉपच्या हिशोबाने त्याचं नेटवर्क आता १२७ ला संपतं, त्यामुळे शेजारीच असलेलं मशीन त्याला बाहेरचं वाटतं आणि तो पॅकेट गेटवेकडे पाठवतो. पिंग चालेलही, ते राउटरवर अवलंबून आहे, पण रस्ता बदललेला असतो. पिंग चालतंय म्हणजे सेटिंग बरोबर आहे असं धरून चालणाऱ्यांनी हा प्रयोग नक्की करावा.

आणि नेट बंद पडलं की काय बघायचं, तर याच क्रमाने चाला. आयपी मिळालाय का? १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीचं उत्तर आलेलं नाही, तो पत्ता लॅपटॉपने स्वतःच घेतलाय. आयपी ठीक असेल तर गेटवेला पिंग करा, आणि गेटवे पिंगला उत्तर देत नसला तरी आर्प टेबलमध्ये त्याचा मॅक आला असेल तर तिथपर्यंत तुम्ही पोचलेले आहात. मग बाहेरच्या आयपीला पिंग, मग नावाने. आयपीने जातंय आणि नावाने जात नाही म्हणजे डीएनएस (नावावरून आयपी शोधणारी सेवा) बघा. राउटर बंद करायची घाई करू नका, बंद केलात की पुरावाही गेला.

प्रश्न: मला प्रयोग करायचेत पण घरात सगळ्यांची कामं नेटवर चालतात, मागे काहीतरी बदललं आणि सगळ्यांचं नेट गेलं. घरचं न बिघडवता लॅब कशी करू?

उत्तर: घरच्यांचं नेटवर्क आणि तुमची लॅब वेगळी करा, बाकी सगळं त्यानंतर. एखादा जुना राउटर पडून असेल तर त्याचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पोर्ट घरच्या राउटरच्या लॅन (आतल्या बाजूच्या) पोर्टला जोडा आणि आतल्या बाजूला वेगळी रेंज द्या, म्हणजे घरात १९२.१६८.१.० असेल तर लॅबमध्ये १०.१०.१०.० घ्या. दोन्हीकडे एकच रेंज ठेवलीत तर राउटिंगला आत कुठलं आणि बाहेर कुठलं तेच कळणार नाही. यात डबल नॅट होतो, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात, होऊ दे, शिकायला त्याचा फायदाच आहे, बाहेरून आत पोर्ट उघडायचा म्हटलं की दोन ठिकाणी नियम का लागतो ते कळतं.

एक चूक कटाक्षाने टाळा, जुना राउटर लॅन-टू-लॅन जोडून त्याचा डीएचसीपी चालू ठेवणं. मग घरातल्या मोबाइलला कधी या राउटरकडून पत्ता मिळतो कधी त्या, आणि नेट काहींचं चालतं काहींचं नाही, असा गोंधळ शोधायला फार वेळ जातो. तुमच्या वर्णनावरून मला तरी हेच झालं असावं असं वाटतं.

जुन्या राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) टाकायचा विचार असेल तर आधी तुमचं नेमकं मॉडेल आणि त्याचं हार्डवेअर व्हर्जन त्यांच्या यादीत आहे का बघा, एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते.

लूपचा प्रयोगही करा पण घरच्या नेटवर्कला न जोडलेल्या साध्या स्विचवर, त्याला फक्त लॅपटॉप लावा आणि एका वेगळ्या केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये. इथरनेट फ्रेमला आयपीसारखा टीटीएल (किती टप्प्यांनंतर टाकून द्यायचं तो आकडा) नसतो त्यामुळे एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना पाठवलेली फ्रेम, फिरतच राहतो, नवे ब्रॉडकास्ट त्यात भर घालतात आणि स्विचचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायला लागतात. (काही स्विचमध्ये लूप ओळखायची सोय असते, मग हे दिसणार नाही.) रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना स्पॅनिंग ट्रीची कल्पना मांडली ती याच अडचणीवर. एसटीपीचा (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलचा) धडा खूप जणांना रटाळ वाटतो, पण हे दिवे बघून वाचायला घेतलात तर नाही वाटणार.

प्रश्न: सिस्कोचं सीसीएनए सर्टिफिकेट करू की कॉम्पटियाचं नेटवर्क प्लस? आणि पॅकेट ट्रेसर पुरेल का खरे राउटर-स्विच घ्यावे लागतील?

उत्तर: नेटवर्कच्याच कामात जायचं असेल तर माझं मत सीसीएनए, कारण त्यात हाताने कॉन्फिगर करून बघावंच लागतं. सपोर्ट किंवा सिस्टिमच्या कामाला नेटवर्किंगची जोड हवी असेल तर नेटवर्क प्लस, ते कुठल्या एका कंपनीला बांधलेलं नाही. दोन्हींची मुदत तीन वर्षं असते हेही धरून चाला.

सीसीएनएच्या २००-३०१ परीक्षेचा अभ्यासक्रम सिस्को स्वतः जाहीर करते, तो नीट वाचा, आणि विषयांपेक्षा क्रियापदं बघा. जिथे 'कॉन्फिगर आणि व्हेरिफाय' म्हटलंय तिथे हात चालायला हवा, जिथे 'डिस्क्राइब' किंवा 'एक्स्प्लेन' आहे तिथे समजून सांगता आलं की झालं. आयपी कनेक्टिव्हिटीला २५ टक्के आहेत आणि ऑटोमेशनला १०, वेळही त्याच हिशोबाने वाटा. आणि परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही, तेव्हा घरी सरावही तसाच करा.

पॅकेट ट्रेसर सीसीएनएला बऱ्यापैकी पुरतो. फक्त तो सिम्युलेटर आहे, खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर त्यात चालत नाही, त्यामुळे एखादी कमांड चालली नाही तर लगेच स्वतःला दोष देऊ नका, ती तिथे नसेलच कदाचित. पुढे जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी वापरा, त्यात खऱ्या राउटरचं सॉफ्टवेअर चालवता येतं, पण त्या सॉफ्टवेअरच्या इमेज रीतसर मार्गाने मिळवा. खरी उपकरणं घ्यायची घाई नको, जुने मोठे स्विच आवाज करतात आणि वीजही खातात. खऱ्या हार्डवेअरवर मिळतं ते केबलचं ज्ञान, म्हणजे एका जोडीतली तार नीट बसली नाही की गिगाबिटची लिंक १०० वर येते वगैरे, आणि त्यासाठी एक क्रिम्पर (केबलला टोकं बसवायचं हत्यार) आणि दोन मशीन पुरे.

प्रश्न: सबनेटिंगची, म्हणजे नेटवर्कचे छोटे भाग पाडायची, गणितं सोडवायला फार वेळ लागतो. काही सोपी रीत?

उत्तर: बायनरी एकदा समजून घ्या आणि मग रोज ब्लॉक साइजने सोडवा. १९२.१६८.५.७७/२७ घ्या. /२७ म्हणजे मास्कचा शेवटचा आकडा २२४, २५६ मधून वजा केले की ३२. बत्तीसचा पाढा म्हणत जा, ०, ३२, ६४, ९६. ७७ हा ६४ आणि ९६ च्या मध्ये, म्हणजे नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट ९५, वापरायचे पत्ते ६५ ते ९४, एकूण ३०. रोज थोडे सोडवा, एका बसणीत शंभर नको.

प्रश्न: अनुभव नसताना मुलाखतीत घरच्या लॅबबद्दल सांगितलं तर त्याला किंमत असते का? काय दाखवायचं?

उत्तर: 'घरी व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी नेटवर्कं) केले, ओएसपीएफ (राउटरनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) केलं' एवढंच सांगितलं तर फारसं काही कळत नाही, कारण पायऱ्या बघून कोणीही करू शकतं. तुम्ही मुद्दाम काय बिघडवलं आणि कसं शोधलं ते सांगा. उदाहरणार्थ, दोन राउटरमध्ये ओएसपीएफ चालू करा आणि एका बाजूचा हॅलो टायमर (दर किती सेकंदांनी हाक मारायची ते) बदला, शेजारी म्हणून ओळखच होणार नाही. तो परत १० सेकंदांवर आणा आणि आता एका बाजूचा एमटीयू (पॅकेटची कमाल लांबी) कमी करा, या वेळी ओळख होते, गाडी पुढे सरकते आणि एक्सस्टार्ट या टप्प्याच्या आसपास अडकून बसते. वरवर तक्रार एकच, रूट येत नाहीत, पण अडकलेली जागा वेगळी आणि त्यावरूनच कारण कळतं.

प्रत्येक बिघाडाचं वहीचं एक पान करा, त्यावर लक्षण काय होतं, पहिला अंदाज काय होता, कुठली कमांड किंवा कॅप्चर बघून तो खरा-खोटा ठरला आणि शेवटी कारण काय निघालं, आणि चुकलेले अंदाज खोडू नका. नेटवर्कचा आराखडाही हाताने काढून ठेवा, आयपी आणि पोर्टसकट. जमलं तर घरातल्या कोणालातरी तुमची लॅब तुमच्या नकळत बिघडवायला सांगा, केबल काढा, मास्क बदला, काहीही, आणि मग वही घेऊन बसा, कारण नोकरीत कोणी आधी सांगत नाही की आज बिघाड डीएनएसचा आहे.