कृषी सल्ला: इफ्फीच्या दिवसांत गोव्यात आपली रताळी आणि तांदूळ

प्रश्न (उचगाव, बेळगुंदी आणि खानापूर भागातील शेतकरी): नोव्हेंबरात पणजीला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव (इफ्फी) भरतो. त्या वेळी तिथल्या हॉटेलांत आमची रताळी आणि बेळगाव बासमती खपेल का? त्यासाठी जादा लागवड करावी का?

उत्तर: जादा लागवड मुळीच करू नका. महोत्सव जेमतेम आठवडाभराचा, तेवढ्यासाठी कोणी ट्रकभर रताळी उचलत नाही. पाहुणे येतील नि जातील, पण हॉटेलची खरेदी बघणारा माणूस वर्षभर तिथंच असतो. नमुना त्याच्या हातात पडला पाहिजे, तोही दसऱ्याच्या आत. महोत्सवाचा मेनू ऐनवेळी ठरत नाही. आपली भाजी चोर्ला घाटातून गोव्यात जातेच, तिथल्या फलोत्पादन महामंडळाच्या गाळ्यांवरही असते. फक्त क्रेटवर गावाचं नाव नसतं. ते घाला.

रताळी खणल्याखणल्या धुऊ नका. माती हातानं झाडा आणि चार-पाच दिवस सावलीत, ओलसर गोणपाटाखाली ठेवा, म्हणजे खरचटलेली साल धरते. धुवायची ती गाडी भरायच्या दिवशी, आणि पाणी निथळल्यावरच क्रेटात भरायची. निवडताना टाचणीच्या टोकाएवढी भोकं बघा. ती सोंड्या भुंग्याची. असं रताळं वरून धडधाकट दिसतं, उकडलं की कडू लागतं. एवढ्यानं गिऱ्हाईक तुटतं.

तांदळाचं जरा जपून. बासमतीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उत्तरेकडच्या राज्यांसाठी. आपण घरात पिढ्यान्‌पिढ्या बेळगाव बासमती म्हणतो, म्हणत राहू, पण पाकिटावर छापू नका. ‘बेळगावचा सुवासिक तांदूळ’ लिहा, खाली गाव आणि मळणीचं साल. हॉटेलला मोकळा भात लागतो आणि नवा तांदूळ आसट होतो, म्हणून गेल्या सुगीचाच द्या. शेणखत घातलं म्हणून कुणी ‘सेंद्रिय’ असा शिक्का मारत असेल तर थांबा. त्याला पीजीएस (शेतकरी गटांनी एकमेकांची शेतं तपासून दिलेलं) किंवा एनपीओपी (मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेनं दिलेलं) प्रमाणपत्र लागतं.

खानापूरकरांनी नाचणीही विचारात घ्यावी. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेव्हा नाचणीचा बराच गाजावाजा झाला. आपल्या बाजारात मात्र ती अजून बिननावाच्या पोत्यातच येते. बेंगळूरला राज्य सरकार जानेवारीत सेंद्रिय माल आणि भरडधान्यांचा आंतरराष्ट्रीय मेळा भरवत आलं आहे. नाचणीला गोव्यापेक्षा तो बरा. पीठ किंवा सत्व करून विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधी करून घ्या.

एकेकट्यानं जाऊ नका, गटाच्या किंवा उत्पादक कंपनीच्या नावानं एकच बिल करा. हॉटेलं उधारीवर माल घेतात, तेव्हा पैसे किती दिवसांत मिळणार ते पहिल्या खेपेआधी लिहून घ्या. नमुन्यापुरता निवडक माल बाजूला काढा आणि बाकीचा नेहमीसारखा एपीएमसीला जाऊ द्या. नोंदणीच्या कागदांसाठी जवळच्या रयत संपर्क केंद्रात आधार आणि उतारा घेऊन या.