फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो, मोठा बसवावा का?

प्रश्न : आमच्या गाडीतील चार्जिंग सॉकेटचा फ्यूज सारखा उडत असे. अखेर गॅरेजवाल्याने निळ्या १५ अँपिअरच्या जागी हिरवा ३० अँपिअरचा फ्यूज बसवला आणि तक्रार थांबली. हे असेच चालू ठेवावे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच ठेवू नये, तो हिरवा फ्यूज आजच काढावा. फ्यूज असतो तो प्रामुख्याने सॉकेटपर्यंत जाणाऱ्या वायरच्या रक्षणासाठी आणि त्याचा आकडा त्या वायरची जाडी पाहूनच ठरवलेला असतो. आता तिच्यातून २५ अँपिअर प्रवाह वाहिला तरी ३० चा फ्यूज शाबूत राहील. वायर मात्र तापत जाऊन तिचे आवरण वितळेल आणि डॅशबोर्डमागे आग लागू शकेल. दोन्ही फ्यूज आकाराने सारखेच असल्यामुळे कोणताही त्या खाचेत बसतो, म्हणून ही चूक सर्रास होते.

मूळ दोष शोधण्यासाठी गाडी बंद करून फ्यूज काढावा आणि मगच टॉर्चने सॉकेटच्या आत पाहावे. आत पडलेले नाणे मधल्या टोकाला आणि कडेच्या पत्र्याला एकदम टेकले की शॉर्ट सर्किट होते. ते प्लास्टिकच्या चिमट्याने काढावे. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे टायरमध्ये हवा भरणारा पंप. १२ व्होल्टवर १५ अँपिअर म्हणजे अवघे १८० वॅट. पंप चालू असताना त्याच सॉकेटवर आणखी एखादे उपकरण जोडले तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. यांपैकी काहीच नसेल, तर वायर कुठे घासली आहे का, उंदरांनी कुरतडली आहे का, हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. मोठा फ्यूज असताना खाच काळवंडली आहे का, हेही त्याला दाखवावे.

फ्यूजची जागा फ्यूजबॉक्सच्या झाकणावरील नकाशात किंवा गाडीच्या पुस्तिकेत सापडते. फ्यूज सरळ वर ओढून काढावा. पारदर्शक भागातून आतली पट्टी तुटलेली दिसते. नवा घेताना रंगावर विसंबू नये, माथ्यावरचा आकडा वाचावा आणि जुना फ्यूज दुकानात सोबत न्यावा, कारण मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी हे प्रकार पटकन ओळखू येत नाहीत. फ्यूजऐवजी तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद कधीही लावू नये.

सॉकेटमध्ये काहीही जोडलेले नसताना नवा १५ अँपिअरचा फ्यूजही लगेच उडाला, तर दुसरा लावून पाहू नये. ती जागा रिकामी ठेवून गाडी दुरुस्तीला न्यावी.