बीटल बिघडलेली नाही, पाऊस जाऊ द्या

आपल्या मॉडेल गाड्यांच्या ग्रुपमधल्या म्हापशाच्या नव्या सदस्याचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांकडे 1959 ची फिकट निळी फोक्सवॅगन बीटल होती. तिच्या आठवणीसाठी तामिया या जपानी कंपनीचं 1/24 मापाचं बीटल 1300 किट आणलं, प्रायमर मारला आणि गेल्या आठवड्यात लॅकरच्या (झटकन सुकणाऱ्या रंगाच्या) स्प्रे कॅनने निळा रंग दिला. सकाळी बघतात तर सगळी बॉडी दुधाळ, ताक सांडल्यासारखी. आता हार्डवेअरच्या दुकानातल्या थिनरने रंग काढू का, एअरब्रश घेऊ का, आणि गाडी आजोबांच्या गाडीसारखी दिसेल का?

आधी थिनरची बाटली बाजूला ठेवा. तो एनसी थिनर फर्निचरच्या पॉलिशसाठी असतो. किटच्या प्लास्टिकला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, लागला की रंगाबरोबर प्लास्टिकही विरघळवतो, दरवाजांच्या रेषा बुजतात आणि मग बॉडी खरोखर हातची जाते. आज ती शाबूत आहे. बिघाड वरच्या पातळ थरात आहे आणि तो निघतो.

झालं काय ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. लॅकरमधला द्रव भराभर उडतो आणि उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो. घामाने भिजलेल्या अंगाला वारा लागला की गार वाटतं, तसंच. ऑगस्टमध्ये आपल्याकडे 28 अंश तापमान आणि 90 टक्के आर्द्रता ही रोजचीच. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन बसतं तो, 26 अंशांच्या आसपास असतो. म्हणजे ओला रंग दोनच अंशांनी गार झाला तरी हवेतलं पाणी त्याच्यावर बसतं आणि थरात अडकतं. तो पांढरेपणा म्हणजे हे पाणी. डिसेंबरच्या कोरड्या दुपारी 30 अंश आणि 50 टक्के आर्द्रता असली तर दवबिंदू 18 अंशांवर उतरतो. रंग तेवढा गार होतच नाही. कॅन तोच, हात तोच, पण बॉडी आरशासारखी निघते.

मी फोंड्याला राहतो. चिऱ्याचं घर, जुलैत भिंतींनाही ओल येते. सुरुवातीला एका लाल गाडीवर मी एकाच पावसाळ्यात तीनदा रंग दिला. पांढरं झालं की वॉटर पेपरने घासायचं, पुन्हा मारायचं, पुन्हा पांढरं. तिसऱ्या वेळेपर्यंत रंग इतका जाड झाला की बॉनेटची रेषा नखालाही लागेना. ती गाडी अजून कपाटात आहे आणि तिच्याकडे बघून अजून वाईट वाटतं, कारण बॉडी उत्तम होती, घाई माझी होती. तेव्हापासून जून ते सप्टेंबर बॉडीला लॅकर लावायचा नाही, हा माझा नियम आहे.

तुमच्या बॉडीसाठी उपाय सोपा आहे. ती आता झिप लॉक पिशवीत सिलिका जेलबरोबर ठेवून द्या. पाऊस सरला, चांगलं ऊन पडलं की सकाळी दहा ते दुपारी एकच्या मध्ये (पहाटे दंव असतं, तेव्हा नको) त्याच कॅनचा एक हलका हात द्या. नव्या हातातला द्रव खालचा थर थोडा मऊ करतो, अडकलेलं पाणी निघून जातं आणि बहुतेक वेळा निळा परत येतो. नाहीच आला, तर 2000 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून हलकेच घासा आणि मग रंग द्या. मारण्याआधी कॅन पाच मिनिटं कोमट पाण्यात उभा ठेवा, आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक येतो. गॅसवर किंवा गरम पाण्यात कधीच नाही. अंतर 15 ते 20 सेंटिमीटर. बटण बॉडीच्या बाहेर दाबायचं, हात सरळ पार न्यायचा आणि बाहेरच सोडायचं. पहिला हात इतका विरळ की खालचा प्रायमर दिसला पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं थांबून दुसरा, आणि ओला चकचकीत हात अगदी शेवटी.

हे सगळं बाल्कांवात (व्हरांड्यात) किंवा अंगणात करा, वाफा पकडणारा कार्ट्रिजचा मास्क लावून. कापडी मास्कचा इथे उपयोग नाही. घरात देवघरात समई तेवत असेल, स्वयंपाकघरात गॅस चालू असेल तर कॅन उघडूही नका. वाफ पेट घेते.

एअरब्रश आता नको. कॉम्प्रेसर, सफाई, रंग पातळ करण्याचं प्रमाण, हे सगळं शिकण्यात पहिली गाडी मागे पडते. दोन-तीन गाड्या कॅनने करा, मग ठरवा.

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते. तुमचं बीटल 1300 किट 1966 च्या मॉडेलचं आहे आणि आजोबांची गाडी 1959 ची. लांबून दोन्ही बीटल सारख्या, पण जवळून नाहीत. मागच्या झाकणावरचा 1300 हा आकडा 1966 च्या मॉडेलपासूनचा आहे, तो घासून काढा. चाकांच्या कडेला किटमध्ये लांबट खाचा आहेत, त्याही त्याच वर्षापासून आल्या. जुनी चाकं भरीव होती, म्हणून खाचांत पुट्टी भरा आणि सुकल्यावर घासून सपाट करा. युरोपातल्या बीटलना 1960 पर्यंत इंडिकेटरचे दिवे नव्हते. दरवाजामागच्या खांबातून एक छोटा हात बाहेर यायचा, सेमाफोर. म्हणून पुढच्या मडगार्डवरचे दिवे बसवूच नका, त्यांच्या खुणा पुट्टीने बुजवा आणि खांबावर सुईने सेमाफोरची उभी खाच कोरा. एका दमात दाबू नका. आधी मास्किंग टेपची पट्टी कडेला धरून पाच-सहा वेळा हलक्या हाताने ओढा, मग खाच आपोआप खोल होते. हे तासाभराचं काम आहे, पण ही खाच ज्याला ती गाडी आठवते त्याला लगेच दिसेल. तुमच्या वडिलांना, काकांना नक्की दिसेल.

काचांचं मात्र सोडून द्या. 1965 च्या मॉडेलपासून बीटलच्या सगळ्या काचा थोड्या मोठ्या झाल्या. तो फरक या मापात फारच लहान आहे, आणि तो दुरुस्त करायचा तर काचाही नव्याने बनवाव्या लागतात. पहिल्या गाडीला नको. मागची काच अंड्याच्या आकाराची फक्त 1957 पर्यंत होती, तुमच्या आजोबांची चौकोनीच असणार. तिथे किट बरोबर आहे.

बॉक्सवरच्या चित्रासारखीच गाडी झाली पाहिजे असा दंडक या छंदात कधीच नव्हता. अमेरिकेत एएमटी या मॉडेल कंपनीने 1958 मध्ये थ्री-इन-वन किट काढली तेव्हाच एका डब्यात तीन गाड्यांचे भाग दिले: शोरूममधली, रेसिंगची आणि आपल्या मनाची. तुमची चौथी म्हणा, आजोबांची.

बॉडी पिशवीत असेपर्यंत वाया जायला काही नाही. चॅसी, इंजिन, सीट्स, डॅशबोर्ड हे पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकने ब्रशने रंगवा, पावसातही चालतं. चवथीच्या सुट्टीत इंजिन होतं, दसऱ्यापर्यंत आतला भाग. नंतर दिवाळीच्या नरकासुराच्या कामात संध्याकाळी जाणारच, तोवर हवा उघडते.

काचा बसवताना सुपर ग्लू टाळा. त्याची वाफ काचेवर पांढरी बसते. टूथपिकच्या टोकावर फेविकॉल घ्या. सुकल्यावर दिसत नाही आणि चुकलं तर ओल्या कापडाने निघतो. क्रोमच्या भागांवर चिकटवण्याच्या जागेचं क्रोम आधी ब्लेडने खरवडा, प्लास्टिक सिमेंट क्रोमवर धरत नाही.

नंबर प्लेट इंटरनेटवर शोधून लावू नका. घरात जुना फोटो किंवा आरसी असेल तर तीच बघा. गोवा, दमण, दीवच्या काळातले नंबर जीडीने सुरू व्हायचे, राज्य 1987 मध्ये झालं आणि जीए नंतर आलं. खाजगी गाड्यांच्या प्लेट तेव्हा काळ्या, अक्षरं पांढरी. ही गोष्ट आताच्या मुलांना ठाऊक नसते, पण गाडीचं वय तिथेच कळतं. 50 सेंटिमीटरची प्लेट 1/24 मध्ये जेमतेम 21 मिलिमीटर होते, म्हणून कागदावर मोठी छापून लहान करू नका, त्याच मापात छापा.

आणि एक गोष्ट मी माझ्या प्रत्येक गोव्याच्या गाडीला करतो. अंगणातल्या चिऱ्याचा तुकडा कुटून त्याची पूड पाण्यात ढवळायची, मिनिटभर थांबायचं, जाड दाणे खाली बसले की वरचं लाल पाणी दुसऱ्या वाटीत ओतून सुकवायचं. त्या दुसऱ्या वाटीच्या तळाला राहते ती पिठासारखी माती. नुसती चाळलेली माती या मापात गोट्यांसारखी दिसते, ही खरी धूळ दिसते. मॅट क्लिअर (चमक मारणारा बिनरंगी थर) मारल्यावर मऊ ब्रशने मडगार्डच्या आत आणि दरवाजाच्या खालच्या कडेला लावा, थोडीच. जास्तीची फुंकून उडवा. निळ्या गाडीवर ती लाल धूळ फार सुरेख दिसते.

आजोबांच्या गाडीचा बाजूने काढलेला फोटो असेल तर टाका. सेमाफोर किती उंचीवर होता ते त्यावरून मोजून सांगतो, आणि स्टिअरिंग कोणत्या बाजूला होतं तेही बघू, कारण डॅशबोर्ड रंगवण्याआधी ते ठरवावं लागेल.