व्यवसायकोश कोणता घ्यावा?

प्रश्न : आमच्या तालुका वकील संघाच्या ग्रंथालयाला यंदा थोडी रक्कम मंजूर झाली आहे. कामगार भरपाईचे आणि मोटार अपघाताचे दावे इथे बरेच चालतात. कोणतं काम कोणत्या वर्गात मोडतं, हे दाखवणारे ग्रंथ घ्यायचे आहेत. विक्रेत्याने जाडजूड अमेरिकी व्यवसायकोश सुचवलाय. घ्यावा का?
– सचिव, ग्रंथालय समिती

उत्तर : सचिवसाहेब, मुळीच घेऊ नका. तो अमेरिकेच्या कामगार खात्याचा कोश. पहिली आवृत्ती १९३९ची, शेवटची सुधारणा १९९१ची. तिथे अपंगत्व लाभाच्या सुनावण्यांत त्याचा आधार घेतात, म्हणून तिथल्या विधी ग्रंथालयांना तो लागतो. आपल्या न्यायाधिकरणापुढे त्याचा काय उपयोग?

आपल्याकडे केंद्रीय श्रम मंत्रालयाचं ‘राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरण २०१५’ आहे, तेही संकेतस्थळावर फुकट. उतरवून घ्या, छापा, चांगली बांधणी करा. प्रत्येक व्यवसायाला आठ अंकी संकेतांक आणि खाली कामाचं वर्णन. ७११५ उघडलंत की सुतार सापडतील. लाकूड निवडणं, आखणं, कापणं, रंधा मारणं, सांधे जुळवणं अशी कामं वाचली की उलटतपासणीचे प्रश्न आपोआप सुचतात. २००४ची आवृत्तीही जवळ असू द्या. जुन्या कागदपत्रांत तिचे संकेतांक भेटतात.

पण केवळ वर्गीकरणावर दावा उभा राहत नाही, हे मी ग्रंथालयात येणाऱ्या प्रत्येक नव्या वकिलाला सांगते. प्रताप नारायण सिंग देव (१९७६) खटल्यातल्या सुताराचा डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने कमाईची हानी शंभर टक्के धरली. पुढे राजकुमार वि. अजयकुमार (२०११) निकालात हेच आणखी उलगडलंय : तोच हात सरकारी कारकुनाचा गेला, तर त्याची नोकरी टिकूही शकते. डॉक्टरांच्या दाखल्यावरची टक्केवारी आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माणूस हातांनी नेमकं काय करत होता, हे साक्षीपुराव्यानेच सिद्ध करावं लागतं. तेव्हा वाचलेला पैसा या विषयावरच्या निर्णयसंग्रहांवर घाला.

भरपाईची जबाबदारी अपघाताच्या दिवशीच उभी राहते, असंही १९७६च्या त्याच निकालात म्हटलंय. म्हणून नव्या कामगार संहिता आल्या तरी, आधीच्या अपघातांसाठी लागणारी, १९२३च्या कामगार भरपाई कायद्यावरची जुनी भाष्यं रद्दीत देऊ नका. कपाट भरलं म्हणून ती विकलेली मी पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

राज्याच्या किमान वेतनाच्या अधिसूचनाही वर्षवार फायलीत लावा. त्यांत कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी विभागणी असते आणि पगाराची पावती नसलेल्या गवंड्याचं उत्पन्न ठरवताना वकील आधी तीच मागतात. अपघाताच्या तारखेला लागू असलेला दर चटकन हाती यावा, म्हणून फायलीच्या कण्यावर वर्ष ठळक लिहा.