मंद प्रकाशात सोनी ए६४०० की निकॉन डी५?

सोनी ए६४०० हा छोटा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा मंद प्रकाशात निकॉन डी५ या व्यावसायिक डीएसएलआरची (आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) बरोबरी करील का, असे आपण विचारले आहे. दोन्हींवर सारख्याच एफ-क्रमांकाची (लेन्सचे छिद्र किती उघडते ते सांगणारा आकडा; तो जितका लहान, तितका प्रकाश जास्त) लेन्स असेल, तर नाही. डी५च्या फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या) सेन्सरचे क्षेत्रफळ ए६४००च्या सुमारे २.३ पट असल्यामुळे तो एकूण प्रकाशही तितकाच जास्त गोळा करतो, आणि म्हणूनच आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलतेचा आकडा) ६४००च्या पुढे सावलीतल्या केसांचा किंवा काळ्या कापडाचा पोत ए६४००च्या छायाचित्रात दाणेदारपणात हरवू लागतो, तेव्हा डी५मध्ये तो बराच टिकून राहतो.

मात्र हा फरक जेमतेम सव्वा स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). ए६४००वर एफ/१.८ची लेन्स लावली, तर डी५वरील एफ/२.८ झूमइतकाच एकूण प्रकाश सेन्सरला मिळतो. त्यामुळे कॅमेऱ्यासोबत मिळणारी, कमी प्रकाश आत घेणारी किट लेन्स लावून चाचणी घ्यायची आणि दोष कॅमेऱ्याला द्यायचा, हे मला अन्यायाचे वाटते. शिवाय समईच्या उजेडातला चेहरा ए६४००च्या इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून पाहायच्या छोट्या पडद्यावर) उजळून दिसतो, ही मोठी सोय आहे.

अंधारात फोकस धरण्यात मात्र डी५ पुढे आहे: त्याचा मधला फोकस-बिंदू उणे ४ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे प्रकाशाच्या पातळीचे माप; आकडा जितका खाली, तितका अंधार जास्त) काम करतो, तर ए६४०० उणे २पर्यंत. रात्रीच्या वराती टिपणे हा आपला व्यवसाय असेल, तरच डी५चे सुमारे १.४ किलोचे वजन वागवावे.