खाऊचं पाकीट उलटं केलंत? मग आधी हे बघा

मागच्या पोषणाच्या तक्त्यातल्या कॅलरीच्या आकड्यावर लगेच झेपावू नका. तो आकडा कशाचा आहे ते आधी बघा: १०० ग्रॅमचा की एका सर्व्हिंगचा, म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाढणीचा? मी कितीतरी दिवस '१५० कॅलरी' वाचून खूश होते. एकदा नीट बघितलं, तर तो आकडा निघाला ३० ग्रॅमच्या एका सर्व्हिंगचा; काट्यावर तोललं, तर जेमतेम मूठभर. आणि मी बसल्या बैठकीला ९० ग्रॅमचं पाकीट फस्त करत होते! करा हिशोब.

दोन पाकिटांची तुलना करायची तर १०० ग्रॅमचाच रकाना धरा. मीठ मात्र चकवतं, कारण बरेचदा तिथे सोडियम लिहिलेलं असतं. त्याला अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते, तेही सगळं जेवणखाण धरून.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. साखर, ग्लुकोज सिरप, मध अशी नावं विखुरलेली दिसली तर ती सगळी साखरच धरून मनातल्या मनात एकत्र करा. पुढच्या बाजूचं 'मल्टिग्रेन' वगैरे? ती जाहिरात, सोडून द्या.

आवडतं ते बंद करा असं नाही हं. मी अजूनही खाते, फक्त वाटीत काढून.